रेसिडेंटना सायकोथेरपी शिकवायला कोणतं मॅन्युअल? (बजेट ३०००)

वाशी_ओपीडी: सहा ज्युनिअर रेसिडेंट, बुधवारी दुपारी एक तास, तीन महिने. पेशंट डिप्रेशनचे, बहुतेक मराठी बोलणारे. एकच मॅन्युअल घ्यायचं तर कोणतं? तीन हजारांत सगळं बसवायचंय.

घोडबंदरकर: आरन बेकचं ‘कॉग्निटिव्ह थेरपी ऑफ डिप्रेशन’, १९७९ चं. विषय संपला. जोडीला क्लर्मन-वाइसमनचं आयपीटी (इंटरपर्सनल थेरपी, नात्यांतल्या अडचणींवर काम करणारी), १९८४ चं. पेपरबॅक नको, पानं सुटतात.

खाडीकाठ: बजेट वाचलंत का? डब्ल्यूएचओचं पीएम प्लस (प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस) हे मॅन्युअल फुकट आहे. पाच सेशन, प्रत्येकी ९० मिनिटं.

सीवूड्स: ते बिगरतज्ज्ञांसाठी आहे हो! डॉक्टरांना गोव्याच्या ‘संगात’ संस्थेचं हॅप (हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम) द्या. बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन (पेशंटला पुन्हा रोजच्या कामांत गुंतवणं), ६ ते ८ सेशन.

खाडीकाठ: हॅपसुद्धा बिगरतज्ज्ञ समुपदेशकांसाठीच लिहिलंय 🙂

कळवा_लोकल: पुस्तकावरून कसले भांडता. स्ट्रप-हेन्रींचा १९९३ चा व्हँडरबिल्ट विद्यापीठातला अभ्यास बघा: मॅन्युअलने तंत्र सुधारलं, पण काही थेरपिस्ट पेशंटशी जास्त तुसडे वागू लागले. म्हणून रेसिडेंटच्या सेशनची टेप ऐकल्याशिवाय शिकवू नका. पेशंटची लेखी संमती घ्या, मग सुरुवातीची दहा आणि शेवटची दहा मिनिटं ऐका. गडबड तिथेच सापडते. गृहपाठ उठता उठता सांगितला जातो, पुढच्या वेळी कुणी विचारत नाही, मग पेशंट कशाला करेल? रेसिडेंटला गुण सीटीआरएसवर (कॉग्निटिव्ह थेरपी किती जमते ते मोजायची पट्टी) द्या: ११ कलमं, प्रत्येकी ० ते ६, ६६ पैकी ४० ला पास. दिवसभर काय केलं याचा तासातासाचा तक्ता कुणी पेशंट भरत नाही; सकाळ-दुपार-संध्याकाळ एवढेच रकाने ठेवा. पेशंट ‘डोकं जड होतं’ म्हणाला की रेसिडेंट लगेच विचारांचा तक्ता पुढे करतात. आधी विचारा, ‘तेव्हा घरात काय चाललं होतं?’

सीवूड्स: तेच म्हणत होते मी, टेप हवीच. आणि पीएचक्यू-९ (डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) दर सेशनला. आधी नववा, आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न बघा, बेरीज नंतर.

घोडबंदरकर: बेक वाचला असता तर हे सगळं त्यात आहेच.

वाशी_ओपीडी: ठरलं. डब्ल्यूएचओचं गटासाठीचं आयपीटी, २०१६ चं, आठ सेशन, फुकट. आमच्याकडे तक्रारी घरातल्या भांडणांच्या, नोकरी सुटल्याच्या आणि माणूस गेल्याच्याच असतात. पैशांत रेकॉर्डर आणि झेरॉक्स.

खाडीकाठ: गट?? ते कुणी सुचवलं?

कळवा_लोकल: मग संमती गटातल्या प्रत्येकाची लागेल. एकानेही नाही म्हटलं तर रेकॉर्डर बंद. त्या दिवशी सुपरवायझरने आत बसायचं.