भित्तिचित्रांची आणि कोरीव कामाची छायाचित्रे सपाट का येतात?

प्रश्न : दांडिया बाजार, बडोदा

नमस्कार. आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून बडोद्यात आहे. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यावरून आयुष्यभर ये-जा केली, पण आत जाऊन भित्तिचित्रे निवांतपणे पाहण्याचा योग मला निवृत्तीनंतरच आला. पाहताना भारावून गेले. घरी येऊन मोबाइलमधील छायाचित्रे उघडली, तर रंग पिवळट आणि चित्रांच्या कडा तिरक्या. आमच्या जुन्या घराच्या दारावरील नक्षीचेही असेच होते. चौकटीवर वेलबुट्टी आहे, मधोमध गणेशपट्टी आहे. हाताला सारे लागते, छायाचित्रात मात्र नुसती तपकिरी फळी दिसते. पावसाळ्यानंतर हे घर उतरवायचे ठरले आहे, म्हणून त्यापूर्वी या दाराची नीट नोंद राहावी अशी मनापासून इच्छा आहे. कॅमेरा नवा घ्यावा लागेल, की माझे पाहणेच कमी पडते आहे?

उत्तर १ : काळापांढरा

ताई, कॅमेरा बदलण्याची गरज नाही. तुम्ही दोन वेगळ्या वस्तू एकाच प्रकाशात टिपत आहात, अडचण तेथे आहे. कोरीव काम दिसते ते सावलीमुळे. प्रकाश समोरून पडला की खोलगट भागात सावली उरत नाही, आणि सावली नसली की उठावही नाही. तो बाजूने, फळीला जवळजवळ घासून यावा लागतो. तुमच्या दारावर ऊन येत नसेल, तर तिन्हीसांजेनंतर मोबाइल ट्रायपॉडवर लावा, दोन सेकंदांचा टायमर ठेवा, ओसरीवरचा दिवा बंद करा आणि कोणाला तरी साधी विजेरी चौकटीच्या डाव्या कडेजवळ, लाकडापासून वीतभर पुढे धरायला सांगा. विजेरी वर-खाली नेत पाच-सहा छायाचित्रे काढा. कोणत्या उंचीवर पाकळी उठून दिसते ते पाहून ठरवा.

भित्तिचित्राला याच्या उलट वागणूक हवी. तेथे प्रकाश सगळीकडे सारखा पडला पाहिजे, कारण तिरप्या प्रकाशात चित्राऐवजी भिंतीचे पोपडे दिसू लागतात. (जतन करणारी मंडळी मुद्दाम असा प्रकाश टाकतात, पण ते पापुद्रे कुठे सुटले आहेत हे शोधण्यासाठी.) पिवळटपणा बहुधा खिडकीचा उजेड आणि बल्बचा उजेड एकत्र आल्याने येतो, परवानगी मिळाली तर बल्ब बंद करावा आणि पहिल्या छायाचित्रात करड्या रंगाचा कागद धरून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा यासाठीची रंगांची जुळणी) त्यावरून ठरवावा. मोबाइल भिंतीला समांतर आणि चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरला की कडा सरळ येतात. वाइड लेन्स टाळावी. फ्लॅश तर मुळीच नको. आत छायाचित्रणाची मुभा आहे का, हे मात्र आधी तेथील रखवालदारांना विचारून घ्यावे.

उत्तर २ : विश्वामित्रीकाठ

वरील सूचना अचूक आहेत, पण ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. छायाचित्र काढण्याआधी त्या वस्तूचे एक रेखाटन करावे, असा माझा आग्रह आहे. चांगले येणे आवश्यक नाही. आपल्याकडील कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्या : गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीर पूजा (रवींद्रनाथ ठाकूर यांच्या नाटकावरून) आणि महाभारतातील युद्ध. मी तेथे प्रथम गेलो तेव्हा दहा मिनिटांत सगळे ‘पाहून’ बाहेर पडलो होतो. पुढे वही घेऊन गेलो आणि युद्धाच्या भिंतीपुढे तासभर बसलो, तेव्हा कुठे रेषा नजरेला ओढत कशी नेते हे पेन्सिल चालवताना उमगले. हाताने एकदा रेषा काढली की डोळा थांबायला शिकतो, आणि मग चौकटीत काय घ्यायचे व काय सोडायचे हे आपोआप ठरते.

उत्तर ३ : मांडवी

थोडेसे जोडतो. आपल्याच शहरातील ज्योती भट्ट हे मुळात चित्रकार आणि मुद्राचित्रकार, म्हणजे ठशांवरून छापचित्रे करणारे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी खेड्यापाड्यांतील भिंतींवरील व अंगणातील लोककलेची छायाचित्रे काढली. त्यांपैकी अनेकांत नुसती भिंत नसते, तिच्यासोबत राहणारी माणसेही असतात. ताई, नक्षीचे जवळून काढलेले छायाचित्र हवेच. पण एक छायाचित्र असेही काढा, ज्यात दार उघडे आहे आणि उंबऱ्यात घरातील कोणीतरी उभे आहे. दाराची उंची त्यामुळेच कळेल.

प्रश्नकर्तीकडून

तिघांचेही मनापासून आभार. आधी गणेशपट्टी वहीत उतरवली, तिला दोन संध्याकाळी लागल्या. रेखाटताना लक्षात आले की डाव्या वेलीला सात पाने आहेत आणि उजवीला सहाच. सातव्या पानाच्या जागी लाकडाची गाठ आहे आणि सुताराने ती वळसा घालून चुकवली आहे. साठ वर्षे या दारातून ये-जा केली, पण हे कधी दिसले नव्हते. काल नातवाने विजेरी धरली. ती पार खाली नेली तेव्हा त्या गाठीभोवतीचे पटाशीचे घाव एकेक करून दिसू लागले. ते छायाचित्र ठेवले आहे. आता रविवारी सासूबाईंना उंबऱ्यात उभे करणार आहे. त्या या घरात लग्न होऊन आल्या, ते याच दारातून.