एकेक बाटली सुरक्षित, मग अकरा बाटल्यांचं काय? लिलियल आणि घरातले वास

वैजू (कोथरूड)
रविवारी बाथरूमचं कपाट आवरताना मागे शाम्पूची जुनी बाटली सापडली. नणंदेने २०२१ मध्ये जर्मनीहून आणलेली, तळाशी बोटभर शाम्पू उरलेला. मागे घटकांची यादी मुंगीएवढ्या अक्षरांत. मोबाईलवर फोटो काढून मोठा केला तेव्हा वाचता आलं: ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनाल. म्हणजेच लिलियल, वासासाठी घालतात ते एक रसायन. हे घातलेलं कुठलंही सौंदर्यप्रसाधन युरोपात १ मार्च २०२२ पासून विकता येत नाही, कारण त्याची गणना प्रजननाला घातक पदार्थांच्या '१ब' वर्गात, म्हणजे माणसालाही घातक असावेत असं धरलेल्या पदार्थांत झाली.

मग इथे घेतलेल्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. शाम्पू, पावडर, डिओ, हँडवॉश, कपड्यांचं कंडिशनर, फरशीचं लिक्विड, अशा अकरा भरल्या. अकराही बाटल्यांवर 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' एवढाच शब्द. त्या एका शब्दामागे डझनावारी पदार्थ असू शकतात. लिलियल त्यांत आहे की नाही, हे मला कळायला काहीही मार्ग नाही. सुगंधातले वादग्रस्त पदार्थ नावानिशी छापायची सक्ती आपल्याकडे हवीच, असं माझं ठाम मत आहे.

गंधकर्मी (धायरी)
मी सहा वर्षं घरगुती साबण करून विकतोय, म्हणून बोलतो. ताई, राग मानू नका, पण यात भीती जास्त आणि हिशेब कमी आहे.

लिलियल का वापरायचे ते आधी बघा. 'लिली ऑफ द व्हॅली' नावाच्या फुलाचा वास सगळ्यांना हवा असतो, पण त्या फुलातून व्यापारी प्रमाणात तेल निघतच नाही. तो वास रसायनांनीच बांधावा लागतो. बंदी आली ती मुख्यतः उंदरांना तोंडावाटे रोज दिलेल्या डोसांमुळे, नरांच्या वृषणांना इजा दिसली म्हणून. उंदराच्या यकृतातल्या पेशींत या पदार्थापासून जे साठत जातं, ते माणसाच्या पेशींत तसं साठत नाही. शिवाय युरोपच्याच वैज्ञानिक समितीने २०१९ मध्ये सांगितलं की ठरलेल्या प्रमाणात, एकेका उत्पादनात ते सुरक्षित मानता येईल.

जायफळाचं बघा ना. पुरणात चिमूटभर घातलं तर सुरेख, दोन अख्खी खाल्ली तर माणूस भ्रमिष्टासारखा वागेल. म्हणून जायफळावर बंदी घालायची का?

वैजू
दादा, त्या समितीचं अर्धंच वाक्य तुम्ही सांगितलंत. उरलेलं अर्धं असं आहे: ही सगळी उत्पादनं एकत्र वापरात असतील तर ते सुरक्षित मानता येत नाही. आणि त्या बेरजेत फक्त प्रसाधनं होती. कपड्यांची पावडर, फरशीचं लिक्विड हे धरलेलंच नव्हतं.

आता तुमचं जायफळ. पुरणात चिमूट, श्रीखंडात चिमूट, रात्रीच्या दुधात चिमूट. हे मी मोजू शकते, कारण डबा माझा आणि हात माझा. बाटलीतलं कोण मोजणार?

चिन्मय (औंध)
रसायनशास्त्र शिकवतो, दोन गोष्टी स्पष्ट करतो. उंदीर आणि माणूस यांतल्या फरकाचा युक्तिवाद युरोपच्या रसायन संस्थेसमोर झाला होता. तो ऐकूनही त्यांनी '१ब' वर्ग कायम ठेवला. एकदा त्या वर्गात गेलं की प्रसाधनांवर बंदी येतेच. सूट मिळवायची तर इतर मार्गांनी होणारा संपर्क धरूनही ते सुरक्षित असल्याचं दाखवावं लागतं, आणि गाडं नेमकं तिथेच अडलं.

पण वैजूताई, तिथेही सगळं चोख नाही. क्रीममध्ये पूर्ण मनाई असलेला हाच पदार्थ ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या क्लीनरमध्ये ०.३ टक्क्यांच्या खाली असेल तर चालतो. हात तोच, कायदे दोन.

सुनंदा (बिबवेवाडी)
एवढा काथ्याकूट कशाला? उटणं, शिकेकाई, गुलाबपाणी वापरा. आमच्या आईने आयुष्यभर तेच वापरलं, कधी पुरळ नाही की खाज नाही.

चिन्मय
सुनंदाकाकू, गुलाबातलं जेरानिऑल आणि लवंगेतलं युजेनॉल ही दोन्ही युरोपच्या अ‍ॅलर्जीकारक यादीत आहेत. लॅव्हेंडरमधलं लिनालूल तर उघड्या बाटलीत हवेशी संयोग होऊन जास्त त्रासदायक बनतं. नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं धरून चालू नका.

पर्वतीकर
मला उंदरांपेक्षा माणसांचं बोलायचं आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी पाच घरची फरशी पुसतात. पाच घरं म्हणजे पाच वासांची लिक्विडं, त्यात एका घरी दारावर मिळणारं सुटं फिनाइल. दिवाळीनंतर त्यांच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, भाकरी थापताना रक्त यायचं. पीठ लागलं की आग होते म्हणून डाव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून थापायच्या.

त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर औषधाच्या ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, मग पट्ट्या काढून बघतात, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात. 'सुगंध मिश्रण' लिहिलेल्या जागी लाल गांधी उठली. डॉक्टर म्हणाले, वासाच्या वस्तू टाळा. मावशींनी मला विचारलं, "ताई, कंच्या बाटलीत हाय ते?" मी पाचही घरी फोन करून लेबलं वाचून घेतली. सगळीकडे तोच एक शब्द.

गंधकर्मी
वाचून वाईट वाटलं. तरी सांगतो, साबणाच्या पाण्यात सतत हात राहिला तर नुसत्या फेसानेही चिरा पडतात. सगळा दोष वासावर टाकू नका. हातमोजे द्या त्यांना.

चिन्मय
फेसाचा मुद्दा बरोबर आहे, दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. आणखी एक, म्हणजे धाग्यात गल्लत नको: त्या चाचणीच्या मिश्रणात आठ पदार्थ असतात, दालचिनी, लवंग, जेरानिऑल वगैरेंचे. लिलियल त्यात नसतं. मावशींचा त्रास लिलियलचा आहे असं यातून म्हणता येणार नाही.

वैजू
मान्य, लिलियलला दोष देत नाही. पण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तिकडच्या बाटलीवर छापलेलं असतं! युरोपच्या प्रसाधन कायद्यात २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने २६ अ‍ॅलर्जीकारक सुगंधी पदार्थांची नावं लिहिणं सक्तीचं झालं. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर, धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ च्या वर. कपड्यांच्या आणि फरशीच्या साबणांनाही ते लागू आहे. २०२३ मध्ये प्रसाधनांसाठीची यादी ऐंशीच्या पुढे गेली. त्या आठातलं काय कुठे आहे हे तिथल्या मावशींना दुकानात उभ्या उभ्या कळतं.

गंधकर्मी
ऐंशी नावं माझ्या वडीच्या कागदावर मावणारच नाहीत ताई. मोठ्या कंपनीला नवा छाप परवडतो, मी शंभर वड्यांचा घाणा काढतो. सक्ती आली तर आधी आमच्यासारखे बंद पडतील, यावर मी ठाम आहे.

पण खरं सांगायचं तर पुरवठादाराकडून सुगंधी तेलाबरोबर अ‍ॅलर्जीकारक पदार्थांचा कागद मला मिळतो, टक्केवारीसकट. सहा वर्षांत एकाही गिऱ्हाईकाने तो मागितला नाही आणि मीही दाखवला नाही. हे लपवून ठेवण्यासारखं नव्हतं.

पर्वतीकर
दादा, मोगऱ्याच्या साबणाचा तेवढा कागद इथे टाकाल? मावशींना भांडी घासायला नाही, फक्त हात धुवायला हवा आहे.

गंधकर्मी
मोगऱ्यात जेरानिऑल आहे, तो देऊ नका. बिनवासाची वडी करतो, तीन आठवडे मुरली की पाठवतो. बाकी सगळ्यांचे कागद आज रात्री टाकतो.