सहावीतल्या पोराला वाचायला काय द्यावं?

मानेवाड्याची आई
मुलगा सहावीत, मराठी माध्यम. क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ, पण पुस्तक हातात दिलं की आधी तहान लागते, मग शू, मग पोट दुखतं. परवा शेजारी बसवून वाचायला लावलं. 'आश्चर्य' शब्द आला, तर 'आ' पाहून 'आनंद' म्हणून मोकळा! इतके दिवस अंदाजानेच गाडी रेटून राहिला होता. धाकट्या बहिणीची पुस्तकं दिली तर म्हणे, "हे बारक्या पोट्ट्यांचं आहे." आणि गंमत बघा, बर्डीहून ऑटोने येताना सावजी भोजनालयापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्या पाट्या वाचतो. सोपं, पण बाळबोध नसलेलं काही सुचवा. बाहेर 45 डिग्री, सुट्टीभर घरातच आहे.

रिटायर्ड मास्तर
पाटीवर अक्षर मोठं, शब्द दोन-तीन, आणि चुकला तर कोणी टोकत नाही. तसंच पुस्तक शोधा. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, चार स्तरांत. दुसऱ्या स्तरापासून सुरू करा, पण स्तराचा आकडा त्याला दाखवू नका. आकडा दिसला की पोरगं रुसलंच समजा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, जुने अंकही नेटवर मिळतात. त्यातली कोडी, विनोद आधी. लांब कथा राहू द्या.

धंतोलीकर
फास्टर फेणे द्या ना! आम्ही त्याच्यावरच वाढलो.

रिटायर्ड मास्तर
भा. रा. भागवतांचा मीही भक्त, पण अडखळणाऱ्या पोराच्या हातात ते नुसतं देऊ नका. परिच्छेद लांब, भाषाही जुनी. तुम्ही वाचा, त्याने ऐकावं. ऐन रंगात आलं की पुस्तक मिटून स्वयंपाकाला जा.

दोन पोरांची मावशी
आधी डोळे तपासा. माझ्या भाच्याला चष्माच लागला होता. तरी अडलाच तर अध्ययन अक्षमतेची (हुशार असूनही वाचण्या-लिहिण्यात अडचण येते, त्याची) तपासणी करून घ्या, लाजायचं काय त्यात? 2016 च्या दिव्यांग कायद्यात तिचा समावेश आहे, बोर्डाच्या परीक्षेत वेळही वाढवून मिळतो.

मानेवाड्याची आई
तीन आठवड्यांनी लिहून राहिली आहे. डोळे ठीक निघाले. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. मास्तर, 'किशोर'मधली कोडी तो बहिणीला घालतो, म्हणजे आधी स्वतः वाचावीच लागतात! जोडाक्षर आलं की मी पेन्सिलीने मधे बारीक रेघ मारते, आश्/चर्/य. आता पेन्सिल तोच मागतो.

फास्टर फेणे रात्री मीच वाचते, त्याचं काम फक्त 'ट्टॉक' म्हणायचं. (तेही जोडाक्षरच की, पण त्याला सांगितलं नाही.) काल मधेच पुस्तक मिटून कुकर लावायला गेले. परत येते तर साहेब कूलरसमोर पालथे, बोट ओळीवर, ओठ हलताहेत. मी दारातच थांबले. अर्धं पान झालं असेल, मग ओरडला, "आई, पेन्सिल कुठाय?"