कोरोला हायब्रिड की सिव्हिक हायब्रिड: पाच जणांच्या कुटुंबाने दहा वर्षांसाठी कोणती सेडान घ्यावी?

प्रश्न – दहावर्षांचासोबती

नमस्कार. आमची हॅचबॅक आता बारा वर्षांची झाली असून तिच्यावर यापुढे खर्च करण्यात अर्थ नाही, हे घरात सर्वांनी मान्य केले आहे. नवी गाडी सेडानच घ्यायची, हेही ठरले आहे. शेवटी टोयोटा कोरोला आणि होंडा सिव्हिक या दोनच गाड्या यादीत उरल्या आहेत आणि गेले दोन महिने माझा निर्णय होत नाही.

आमचा वापर असा आहे. रोज साधारण ४० किलोमीटर, त्यातला बराचसा भाग रखडत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये. महिन्यातून एक-दोनदा हायवेवरचा लांबचा प्रवास. वर्षाला एकूण १५,००० किलोमीटरच्या आसपास. गाडीत आम्ही दोघे, माझ्या उंचीला आलेली दोन मुले आणि कधी कधी आई असते. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. गाडी घेतली की ती किमान दहा वर्षे वापरायची, अशी आमची पद्धत आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे मोजणे आमच्या वापरात योग्य ठरेल का? दोन, दहा वर्षांच्या हिशेबाने यांपैकी कोणत्या गाडीची यंत्रणा अधिक भरवशाची आहे? तीन, मागच्या सीटवर मोठी माणसे खरोखर कोणत्या गाडीत नीट बसतात? माहितीपत्रके वाचून तर माझा गोंधळ आणखी वाढला. एका ठिकाणी कोरोला सेडानची डिकी ३७१ लिटरची दिली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ४७१ लिटरची. एकाच गाडीच्या डिकीत शंभर लिटरचा फरक कसा पडतो?

उत्तर १ – इंजिनघर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. आपल्या वापरासाठी हायब्रिडच घ्यावी. या दोन गाड्यांची तुलना करताना पुष्कळ लोक एकीची हायब्रिड दुसरीच्या साध्या पेट्रोल आवृत्तीशेजारी ठेवतात आणि मग एक कंपनी जास्त ॲव्हरेज देते, दुसरी कमी देते, असा निष्कर्ष काढतात. हायब्रिडची तुलना हायब्रिडशीच केली पाहिजे. अमेरिकेच्या ईपीए या संस्थेच्या मापनानुसार केवळ पुढची चाके फिरवणाऱ्या कोरोला हायब्रिडचा मिश्र वापराचा आकडा गॅलनमागे ५० मैल आहे आणि २०२५ च्या सिव्हिक हायब्रिडचा ४९ मैल. म्हणजे लिटरमागे अनुक्रमे २१.३ आणि २०.८ किलोमीटर. आपल्या १५,००० किलोमीटरला पहिलीला सुमारे ७०५ लिटर पेट्रोल लागेल आणि दुसरीला ७२०. वर्षभरात पंधरा लिटर एवढाच हा फरक आहे आणि तो गाडी चालवण्याच्या सवयीतच भरून निघतो. आता याच गाड्यांच्या २.० लिटरच्या साध्या पेट्रोल आवृत्त्या पाहा. त्यांचे आकडे गॅलनमागे ३५-३६ मैलांच्या आसपास आहेत, म्हणजे वर्षाला ९८० ते १,०१० लिटर. हायब्रिड घेण्या-न घेण्यातला फरक जवळजवळ तीनशे लिटरचा असताना पंधरा लिटरवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नये.

मात्र 'हायब्रिड' या एकाच शब्दाखाली या दोन कंपन्यांनी दोन अगदी वेगळ्या यंत्रणा बसवल्या आहेत आणि त्या समजल्या की गाडी चालवताना काय जाणवेल याचा अंदाज येतो. टोयोटाच्या रचनेत इंजिन आणि दोन इलेक्ट्रिक मोटरी प्लॅनेटरी गिअरच्या (एका मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या) एका संचाने कायमच्या जोडलेल्या असतात. इंजिनाची ताकद किती प्रमाणात थेट चाकांकडे जाईल आणि किती प्रमाणात विजेच्या वाटेने जाईल, हे त्या संचात क्षणोक्षणी ठरते. तिला ई-सीव्हीटी म्हणत असले, तरी साध्या सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, असतो तो पट्टा तिच्यात नाही, क्लच नाही, तेलातून ताकद पुढे नेणारा टॉर्क कन्व्हर्टरही नाही. होंडाच्या रचनेत शहरातल्या वेगाला इंजिन बहुतांश वेळ केवळ जनरेटर फिरवते आणि चाके मोठी मोटर चालवते. हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना मात्र एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. त्यामुळे रखडत्या ट्रॅफिकमध्ये सिव्हिक बरीचशी इलेक्ट्रिक गाडीसारखी वाटते. ताकदीतही मोठे अंतर आहे. कोरोलाची १.८ लिटरची हायब्रिड एकूण १४० अश्वशक्तीच्या जवळपास आहे, तर सिव्हिकची बाजारानुसार १८४ ते २००. चढावर किंवा गाडी पुढे काढताना पाय पूर्ण दाबला, की कोरोलाचे इंजिन एका उंच सुरात घुमत राहते आणि गाडी आपल्या गतीने वेग घेते. तो आवाज खटकतो की नाही, हे ज्याचे त्यानेच चालवून ठरवावे.

दहा वर्षांच्या भरवशाबद्दल माझा कौल थोडा टोयोटाकडे झुकतो. त्यांची ही रचना १९९७ च्या प्रियसपासून चालत आलेली आहे आणि मूळ तत्त्व तेच ठेवून पिढ्यानुपिढ्या सुधारत गेली आहे. होंडाची दोन मोटरींची रचना २०१३ च्या अकॉर्डपासूनची आहे. तीही आता नवखी नाही, पण एवढी जुनीही नाही. दोन्ही यंत्रणांत नेहमीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर वेगळा नसतो आणि वेग कमी करण्याचे बरेच काम मोटर करत असल्याने ब्रेक पॅड सावकाश झिजतात. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण ती विक्रेते क्वचितच सांगतात. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि कोरोलात तिला थंड ठेवण्यासाठी हवा ओढणारी जाळी त्या सीटजवळच असते. तिच्यापुढे पिशव्या किंवा चादरी ठेवू नयेत आणि सर्व्हिसिंगच्या वेळी ती साफ करून घ्यावी. सिव्हिक घेतलीत तर तिच्या मार्गदर्शिकेत ही जागा कोठे आहे ते शोधून तीच काळजी घ्यावी.

उत्तर २ – मागचीसीट

माझ्याकडे सध्याच्या, म्हणजे अकराव्या पिढीची सिव्हिक तीन वर्षांपासून आहे आणि घरात दोन उंच मुले आहेत, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर अनुभवाने लिहू शकतो. चाकांच्या दोन आसांमधले अंतर सिव्हिकचे २,७३५ मिलिमीटर आणि कोरोलाचे २,७०० मिलिमीटर आहे. हा फरक ३५ मिलिमीटरचाच असला, तरी मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी दिलेली जागा सिव्हिकमध्ये साधारण ९५० आणि कोरोलात ८८४ मिलिमीटर आहे. उंच मुलांच्या बाबतीत हे ६६ मिलिमीटर फार महत्त्वाचे ठरतात, कारण गुडघे पुढच्या सीटला टेकणे आणि न टेकणे यांतले अंतर तेवढेच असते. मागे मधोमध बसणारा तिसरा मोठा माणूस मात्र दोन्ही गाड्यांत अवघडतो. तेव्हा आई, आपण आणि दोन मुले असे चौघे जाणार असाल तर आईंना पुढे बसवणेच बरे.

डिकीच्या आकड्यांचे कोडे मापनपद्धतीचे आहे. अमेरिकी पद्धतीत ठरावीक आकाराच्या बॅगा प्रत्यक्ष किती मावतात यावरून आकडा काढतात; त्या पद्धतीने कोरोला १३.१ घनफूट, म्हणजे ३७१ लिटर, आणि सिव्हिक १४.८ घनफूट, म्हणजे ४१९ लिटर भरते. युरोपात २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. हे लहान ठोकळे कानाकोपऱ्यांतही बसत असल्याने आकडा मोठा येतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी कधीही लावू नये, एवढे लक्षात ठेवले की माहितीपत्रके फसवत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे खरेदीदाराचे सहसा लक्ष जात नाही, पण जी मला रोज जाणवते. या पिढीत होंडाने पुढच्या काचेचे खांब आधीच्या पिढीपेक्षा सुमारे ५० मिलिमीटर मागे घेतले, आरसे दारावर बसवले आणि डॅशबोर्ड सपाट व बुटका ठेवला. चौकात वळताना रस्ता ओलांडणारा माणूस खांबाआड लपण्याचे प्रसंग त्यामुळे कमी येतात. रोजच्या चाळीस किलोमीटरमध्ये किती चौक लागतात, ते मोजून पाहा. माझ्या मते सुरक्षिततेचा विचार येथून सुरू होतो. आपोआप ब्रेक लावणारी आणि लेन सांभाळणारी यंत्रणा दोन्ही कंपन्या देतात, परंतु ती चालकाच्या नजरेची जागा घेऊ शकत नाही.

उत्तर ३ – संथचाल

वरील दोन्ही उत्तरे वाचली. मागच्या जागेबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु आपण गाडी दहा वर्षे ठेवणार आहात, याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही. मी आधीच्या पिढीची कोरोला नऊ वर्षे वापरली. तिने मला कधी थरार दिला नाही आणि कधी रस्त्यात उभेही केले नाही. कामावर वेळेवर पोहोचायचे असलेल्या माणसाला मी यापेक्षा मोठी शिफारस देऊ शकत नाही. १९६६ साली सुरू झालेल्या या नावाच्या गाड्यांची एकूण विक्री २०२१ मध्ये पाच कोटींच्या पुढे गेली. अभिमान मिरवण्यासाठी मी हा आकडा देत नाही. एवढ्या गाड्या जगभर धावत असल्या, की सुटे भाग आणि त्या गाडीवर हात बसलेले मेकॅनिक बाराव्या वर्षीही मिळतात.

दुसरा मुद्दा टायरांचा. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदीचा (मिलिमीटरमध्ये), दुसरा बाजूच्या भिंतीच्या उंचीचा (रुंदीच्या टक्क्यांत) आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा (इंचांत) असतो. साध्या कोरोलाला २०५/५५ आर १६ मापाचे टायर येतात, तर सिव्हिकच्या वरच्या काही आवृत्त्यांना २३५/४० आर १८ मापाचे. पहिल्याची बाजूची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर उंच असते आणि दुसऱ्याची ९४. खड्ड्याचा दणका आधी तीच भिंत झेलते आणि मग सस्पेन्शन. सिव्हिकच्या मल्टिलिंक (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलू देणाऱ्या) मागच्या सस्पेन्शनचे कौतुक योग्यच आहे. कोरोलात ते काही आवृत्त्यांना मिळते आणि काहींना साधा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा दांडा, मिळतो, हे विचारूनच घ्यावे. पण उत्तम सस्पेन्शनखाली पातळ टायर लावले, तर आईच्या गुडघ्यांना त्या मल्टिलिंकचा लाभ कितीसा होणार? शिवाय अठरा इंची टायर बदलणे महाग पडते आणि दहा वर्षांत ते दोन-तीनदा तरी बदलावे लागतील.

गुडघ्यांबद्दल अगदी प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्ही गाड्या बुटक्या आहेत. माझ्या वडिलांना हाच त्रास होता. त्यांना घेऊन जाऊन, सीटच्या कडेची जमिनीपासूनची उंची मेजरिंग टेपने मोजून आणि त्यांना पाच वेळा बसवून-उठवून मगच मी निर्णय घेतला होता. एकदा बसून काही कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी गुडघा बोलू लागतो. पुढच्या डाव्या-उजव्या दोन्ही सीटची उंची बदलता येते की केवळ चालकाची, हेही त्या वेळी पाहून घ्यावे. आणि आपल्याकडे बर्फाचे किंवा निसरडे रस्ते असतील, तर कोरोला हायब्रिड मागच्या चाकांना वेगळी मोटर देऊन चारही चाके फिरवणाऱ्या स्वरूपात काही बाजारांत मिळते. सिव्हिक सेडानमध्ये ती सोय नाही.

दहावर्षांचासोबती

सर्वांचे मनापासून आभार. काल आई आणि दोन्ही मुलांना घेऊन एकाच दिवशी दोन्ही हायब्रिड चालवून पाहिल्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आईला पाच वेळा बसवले. तिच्या मते दोन्ही गाड्या सारख्याच खाली आहेत, पण आधीच्या हॅचबॅकपेक्षा दार मोठे उघडत असल्याने पाय आत घेणे दोन्हींत सोपे जाते. चालकाची सीट मी माझ्या उंचीनुसार लावली आणि मोठ्या मुलाला माझ्यामागे बसवले, तेव्हा कोरोलात त्याचे गुडघे सीटच्या पाठीला टेकले आणि सिव्हिकमध्ये टेकले नाहीत. मुले अजून वाढणार आहेत. चढावर कोरोलाच्या इंजिनाचा आवाज पत्नीला खटकला, मला फारसा नाही. भरवशाचा मुद्दा मनात घर करून आहे, तरीही आमचा कल आता सिव्हिककडे आहे. शेवटचा एकच प्रश्न: आवृत्ती निवडताना काय पाहावे?

इंजिनघर

मागच्या सीटवर रोज बसणारी माणसे आपल्या घरात आहेत, त्यामुळे आपला कल मला योग्यच वाटतो. भरवशातला जो फरक मी सांगितला, तो काळजी करण्याएवढा मोठा नाही. आवृत्ती निवडताना आधी टायरचे माप विचारा आणि लहान चाकांची हायब्रिड उपलब्ध असेल तर तीच घ्या. डिकीचा तळ उचलून पाहा, कारण काही हायब्रिड आवृत्त्यांत सुटे चाक नसते, केवळ पंक्चर बुजवण्याचा संच असतो आणि तो फाटलेल्या टायरला उपयोगी पडत नाही. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची आहे, तसेच ती कोणत्या अटींवर रद्द होते, हे लेखी घ्या. आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर ती चालवून पाहा; हेडलाइटचा झोत रस्त्यावर किती दूर आणि किती रुंद पडतो, हे दिवसाच्या फेरीत दिसत नाही.