'पंख' की 'पीस'? जीवाश्मांबद्दल लिहिताना कुठला शब्द?

मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आर्किऑप्टेरिक्सवर (डायनासोरांच्या काळातला पक्ष्यासारखा प्राणी) मराठीत लिहितोय. बातम्यांत बघावं तर सगळीकडे 'दगडात पंखांचे ठसे', आता हे विंगचे की फेदरचे? आमची आई फेदरला पीसच म्हणते. बरोबर काय?

--

आई बरोबर आहे. हिंदीत दोन्हींना पंख चालतं, तिकडूनच हे आपल्या बातम्यांत शिरलंय. कोंबडी साफ करताना आपण पिसं उपटतो, पंख नाही. वटवाघळाला दोन पंख असतात पण पीस एकही नाही, आणि टेरोसॉरचं (डायनासोरांच्या काळातला उडणारा सरीसृप) तसंच, लांबलचक चौथ्या बोटापासून अंगापर्यंत ताणलेली चामडी म्हणजे त्याचा पंख.

हा फरक किती महत्त्वाचा ते नेदरलँड्समधल्या हार्लेमला ठेवलेल्या जीवाश्मावरून कळतं. 1855 मध्ये बव्हेरियात रीडेनबुर्गजवळ मिळालेला, मुख्यतः हाताची पायाची थोडी हाडं. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ हेर्मान फॉन मायरने 1857 ला त्याला टेरोडॅक्टिलस क्रासिपेस म्हटलं, म्हणजे टेरोसॉरच धरलं, क्रासिपेस म्हणजे जाड पायाचा, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही कारण आर्किऑप्टेरिक्स हे नाव त्यानेच दिलं तेसुद्धा 1861 ला, एका सुट्या पिसावरून. मग शंभरेक वर्षं तो दगड हार्लेमच्या टायलर्स म्युझियममध्ये टेरोसॉर म्हणून पडून. 1970 ला अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम टेरोसॉर बघायला म्हणून तिथे गेला, दगड उजेडाला तिरका धरला आणि हाडांच्या कडेला पिसांच्या पुसट रेघा दिसल्या! मला हे वाचताना अजूनही काटा येतो.

आता इथे 'पंखांचे ठसे दिसले' लिहून बघा. बव्हेरियाच्या तसल्याच चुनखडीत टेरोसॉरच्या चामडी पंखांचेही ठसे मिळालेत, मग वाचणाऱ्याला वाटणार, असतील की टेरोसॉरला पंख, त्यात नवीन काय. शोध जो लागला तो पिसांचा.

--

वा, पटलं. मग त्या हार्लेमवाल्याला 'आदिपक्षी' म्हणू ना?

--

आर्किऑप्टेरिक्सला म्हणा, याला नको. 2017 ला फोथ आणि राउहूट या संशोधकांनी तो परत तपासला आणि म्हणाले हा आर्किऑप्टेरिक्सच नाही, चीनमधल्या अँकिऑर्निस या पिसांच्या डायनासोरचा जवळचा. नवीन नाव ऑस्ट्रोमिया, ऑस्ट्रॉमवरून, पण 'क्रासिपेस' ठेवलं. म्हणून मी 'पिसांचा डायनासोर' म्हणतो, त्याला पक्षी धरा न धरा, पिसं तर आहेतच. मुलीला लिहू दे, "हाडांच्या कडेला पिसांचे पुसट ठसे आहेत."