आप्पांना ग्रोथ हार्मोन द्यावं का? थायमसबद्दल मतं हवीत

कृष्णाकाठचा (सांगली)
आप्पा ७१ वर्षांचे. तासगावजवळ द्राक्षबाग. ऐन माल निघताना डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड वाळले, पण अजून सदरा घासला तरी कळवळतात. डॉक्टर म्हणाले, वयानं प्रतिकारशक्ती उतरते. का उतरते हे वाचत थायमसपाशी पोचलो. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर ही ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) इथंच तयार होतात. वयात आल्यावर ती आकसत जाते, तिथं चरबी भरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात ५१ ते ६५ वयाच्या ९ पुरुषांना वर्षभर ग्रोथ हार्मोन (शरीराच्या वाढीचं हार्मोन), डीएचईए हे आणखी एक हार्मोन आणि मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध दिलं. एमआरआयमध्ये बहुतेकांच्या थायमसमधली चरबी घटलेली दिसली. खरड छाटणी करून आपण जुन्या वेलीवर नव्या काड्या काढतोच. मग म्हाताऱ्या माणसाला ही संधी का नको?

मिरज_जंक्शन
दादा, ९ माणसं, तीही सगळे पुरुष, आणि औषध न दिलेला तुलनेचा गटच नाही. मेटफॉर्मिन कशाला दिलं? ग्रोथ हार्मोननं साखर चढते म्हणून. सांधे दुखतात, अंगाला सूज येते. कुठं गाठ दडलेली असेल तर तिला खतपाणी मिळण्याची भीती वेगळीच. आप्पांना साखर आहे का, ते आधी सांगा.

माणदेशी_माती
निसर्गानंच जी ग्रंथी मिटवली ती उकरायची कशाला? म्हातारपणी तिचं काय काम?

गोठ्यातली_डॉक्टर (कराड)
काम आहे, दादा. २०२३ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या मोठ्या माणसांची नोंद तपासली. ५ वर्षांत मृत्यू ८.१ टक्के. तशाच शस्त्रक्रियेत थायमस राखलेल्यांत २.८. कर्करोगही जवळपास दुप्पट.

आणि हार्मोनचा संबंध मला तरी थोतांड वाटत नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे, चिमटा लावून खच्चीकरण करणं हे रोजचं काम. लहानपणी खच्ची केलेल्या जनावराचा थायमस जास्त काळ भरलेला राहतो, हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. म्हणजे थायमस आकसवण्यात लैंगिक हार्मोनांचाही हात आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ती हार्मोनं रोखलेल्या पुरुषांतही नव्या टी-पेशी वाढलेल्या आढळल्या. पण त्यापायी कुणी ती रोखावीत, असं मी म्हणणार नाही. हाडं ठिसूळ होतात.

कृष्णाकाठचा
ताई, नेमकं बोललात. मिरजकर, साखर आहे, १२ वर्षं झाली.

मिरज_जंक्शन
मग माझ्याकडून सरळ नाही. डॉक्टरताई, ग्रंथी परत फुगते हे मान्य. पण त्यानं आजारपण कमी होतं, हे त्या ९ जणांत कुठं दिसलं? चरबी घटली म्हणजे नागीण टळली असं नाही. उलट नागिणीची लस आहे, शिंग्रिक्स, भारतात २०२३ पासून. दोन डोस. थायमस आकसलेल्या सत्तरीपुढच्या माणसांतही चाचणीत सुमारे ९० टक्के संरक्षण दिसलं. महाग आहे, दंडही दुखतो. नागीण येऊन गेलेल्यांनाही देतात. कधी द्यायची, ते डॉक्टरांना विचारा.

गोठ्यातली_डॉक्टर (कराड)
लसीला माझाही हात वर. हार्मोनचं दार मात्र बंद करू नका. चाचणी मोठी हवी, तुलनेच्या गटासकट, बायकांनाही घेऊन.

कृष्णाकाठचा
आप्पांना हार्मोन नाही, ठरलं. सोमवारी लसीचं विचारतो. पण तशी चाचणी इकडं कुठं निघाली तर कळवा. माझं वय ४६, साखर नाही. नाव मी देईन.