८ जीबीच्या लॅबमध्ये लिनक्स शिकवायचं: डब्ल्यूएसएल की ड्युअल बूट?

मांजराकाठ

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये आय-थ्री, ८ जीबी रॅम आणि विंडोज असतं. टॅली, एक्सेल लागतंच, त्यामुळे विंडोज काढता येत नाही. अभ्यासक्रमात मात्र शेल स्क्रिप्टिंग (लिनक्सच्या कमांडचे प्रोग्रॅम), जीसीसी (सी भाषेचा कंपायलर), गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं हत्यार). माझं मत सरळ आहे: अशा ठिकाणी ड्युअल बूटच्या (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स, सुरू करताना एक निवडायचं) नादी लागू नये, विंडोजच्या पोटातच डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालवावं.

उपयोग कुठे दिसतो ते सांगतो. लातूर, उदगीर, हिंगोली, जालना इथल्या बाजार समित्यांचे सोयाबीनचे दर रोजच्या एकेका सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) आहेत असं धरा. वर्षाच्या फाइली एक्सेलमध्ये उघडून एकमेकांखाली चिकटवत बसण्यापेक्षा लिनक्सच्या ऑक आणि सॉर्ट कमांडची एक ओळ लिहायची. निकाल विंडोजच्या क्लिप प्रोग्रॅमला (तो मजकूर क्लिपबोर्डवर ठेवतो) पाइप केला, म्हणजे थेट सोपवला, की तो थेट एक्सेलमध्ये पेस्ट होतो. दोन्हीकडची हत्यारं एकाच ओळीत चालतात, हे ड्युअल बूटमध्ये होणारच नाही.

बसवायलाही अवघड नाही. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा, डब्ल्यूएसएल इन्स्टॉलची कमांड द्या, रीस्टार्ट करा. ३० मशीनवर ३० वेळा डाउनलोड करू नका. एका मशीनवर जीसीसी, गिट सगळं टाकून एक्सपोर्ट करा, ती टार फाइल पेनड्राइव्हने फिरवा आणि बाकीच्यांवर इम्पोर्ट करा. इम्पोर्टनंतर लॉगिन रूटचं (सर्वाधिकारी युजरचं) होतं, तेव्हा ईटीसी फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल कॉन्फ फाइलीत डीफॉल्ट युजर लिहायला विसरू नका.

सिंदफणा

सर, उदाहरण चांगलं घेतलंत, पण त्यातच तीन खड्डे आहेत.

पहिला: विंडोजवर बनलेल्या सीएसव्हीत प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचा न दिसणारा कॅरेक्टर असतो. शेवटचा रकाना समितीच्या नावाचा असेल तर ऑकला ‘उदगीर’ आणि ‘उदगीर अधिक तो कॅरेक्टर’ वेगळे वाटतात. तुलना फसते आणि एररही येत नाही, नुसतं उत्तर शून्य. दुसरा: एक्सेलमधून यूटीएफ-८ (देवनागरीही साठवणारं एन्कोडिंग) सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की फाइलीच्या सुरुवातीला बीओएम या न दिसणाऱ्या खुणेची तीन बाइट येतात, म्हणून पहिल्या रकान्याचं शीर्षक जुळत नाही. साधी सीएसव्ही निवडली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. तिसरा: तुमचा तो क्लिप प्रोग्रॅम यूटीएफ-८ समजत नाही. इंग्रजी नीट जातं, मराठीचा कचरा होतो.

पोरं शेल शिकायच्या ऐवजी दोन सिस्टिमच्या शिवेवरची भांडणं सोडवायलेत. त्यापेक्षा सरळ उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाका. बूट कसं होतं, पार्टिशन म्हणजे काय, ड्रायव्हर कुठून येतो हे डब्ल्यूएसएलमध्ये कधीच दिसत नाही.

शिवाय मेमरी. डब्ल्यूएसएल-२ (वर्जन २) म्हणजे विंडोजच्या हायपर-व्हीवरचं व्हर्च्युअल मशीन, कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. ते मूळ मर्यादेनुसार निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं. ८ जीबीतले ४ तिकडे गेले, वरून क्रोम आणि व्हीएस कोड उघडले की मशीन रडकुंडीला येतं.

मांजराकाठ

तिन्ही खड्डे खरे आहेत, पण तिन्ही बुजतात. डॉस-टू-युनिक्स नावाचं छोटं हत्यार ओळींचे शेवटही दुरुस्त करतं आणि बीओएमही काढतं. क्लिपच्या आधी आयकॉन्व्ह कमांडने एन्कोडिंग बदलून यूटीएफ-१६एलई करून घ्या, मराठी नीट पेस्ट होतं. आणि ओळींच्या शेवटांचं म्हणाल तर विंडोजवरून आलेली फाइल निखळ उबंटूवरही तशीच असते. लिनक्स वेगळं बूट केलं म्हणून फाइल शुद्ध होत नाही.

मेमरीसाठी युजर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइल करून मर्यादा ३ जीबी ठेवा. नोटपॅड मागून गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडतं आणि मग सेटिंग लागूच होत नाही, तेवढं बघा. बदल केल्यावर डब्ल्यूएसएल शटडाउन करून ८-१० सेकंद थांबायचं.

दुधना

ड्युअल बूट सुचवणाऱ्यांनी त्याचाही हिशोब मांडावा की. विंडोज घड्याळ स्थानिक वेळेत ठेवतं, लिनक्स यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). त्यामुळे इकडून तिकडे गेलं की वेळ बरोबर साडेपाच तासांनी सरकते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर सी ड्राइव्ह अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि लिनक्स त्यावर लिहू देत नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर बूट बदलल्यावर रिकव्हरी की मागतं. ती ३० मशीनची की कुणाकडे जपून ठेवलेली असते?

पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी डब्ल्यूएसएल-२ वर भाबडा विश्वास ठेवू नये. आर्डुइनो (प्रयोगांचा छोटा सर्किट बोर्ड) लावला तर तो विंडोजला दिसतो, आतल्या लिनक्सला नाही. यूएसबीआयपीडी (यूएसबी उपकरण आतल्या लिनक्सला जोडून देणारा प्रोग्रॅम) बसवून आधी लिस्ट, मग बाइंड, मग अटॅच करावं लागतं, आणि केबल हलली की अटॅच पुन्हा. दहा टेबलांवर दहा पोरं केबल हलवणारच.

मन्याड

तुम्ही सगळे वर्जन २ बद्दलच बोलायलेत. वर्जन १ अजून आहे की! २०१६ साली विंडोज १० च्या अपडेटमधून आलं तेच. त्यात लिनक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही, व्हर्च्युअल मशीन नाही, लिनक्सचे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने सिस्टिमकडे केलेल्या मागण्या) विंडोजच्या भाषेत वळवले जातात. म्हणून ४ जीबीच्या मशीनवरही चालतं, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असलं तरी अडत नाही. सेट-व्हर्जनच्या कमांडने त्याच उबंटूचं १ किंवा २ करता येतं. आर्डुइनोचंही सोपं: कॉम-३ पोर्ट आत टीटीवायएस-३ म्हणून दिसतो.

आणखी एक. फाइली सी ड्राइव्हवर ठेवून वर्जन २ मधून वापरल्या तर प्रत्येक वाचन-लेखन ९पी या फाइली पोचवणाऱ्या प्रोटोकॉलच्या पुलावरून जातं, म्हणून संथ होतं. मोठ्या रेपोत (गिटच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये) गिट स्टेटस मारून बघा, कळेल. वर्जन १ मध्ये हा पूल नाही. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं हत्यार) मात्र चालणार नाही, त्याला खरं कर्नल लागतं.

सिंदफणा

वर्जन १ चा मुद्दा मान्य. ४ जीबीवाल्यांनी तेच घ्यावं. पण वर्जन २ मध्ये फाइली आतल्या होम फोल्डरमध्येच ठेवायच्या म्हटलं तर त्या सगळ्या एकाच व्हीएचडीएक्स (व्हर्च्युअल डिस्कच्या) फाइलीत जातात. ती फुगते, आपोआप आटत नाही. आतून २० जीबी पुसलं तरी सी ड्राइव्हवर जागा तेवढीच अडलेली. मग शटडाउन करून विंडोजच्या डिस्कपार्ट हत्यारात फाइल निवडा, रीड-ओन्ली जोडा, कॉम्पॅक्ट करा, सोडा. २५६ जीबीच्या एसएसडीवर हे दर सत्राला करायचं कुणी? आणि यूपीएस नसलेल्या लॅबमध्ये लाइट गेली की ईएक्सटी-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमच्या जर्नलमुळे (बदलांच्या नोंदवहीमुळे) सांगाडा बहुधा वाचतो, पण डिस्कवर न पोचलेलं काम गेलंच.

दुधना

लाइट गेल्यावर निखळ उबंटूवरचंही तेच होतं, भाऊ. तो मुद्दा कुणाच्याच बाजूचा नाही.

मांजराकाठ

आटवण्याचं काम दर सत्राला करायचंच नाही. सत्र संपलं की आतलं लिनक्स अनरजिस्टर करायचं, पेनड्राइव्हवरची टार फाइल पुन्हा इम्पोर्ट करायची. अनरजिस्टर काही न विचारता सगळं पुसतं, म्हणून पोरांनी काम आधी गिटवर पुश केलेलं असायला हवं. पार्टिशन आणि बूट शिकवायचंच असेल तर त्यासाठी दोन जुनी मशीन बाजूला काढा आणि त्यांवर पोरांना खुशाल मोडतोड करू द्या. उरलेल्या २८ ना हात लावायची गरज नाही.

सिंदफणा

दोन नाही, पाच काढा. साठ पोरांच्या बॅचला दोन मशीन म्हणजे एक जण करणार आणि बाकीचे मागून बघत उभे राहणार.